पेटीत सरकार आहे

बाळकृष्णपंत पारसनीस थकलेलेच जन्माला आले, असं त्यांच्या पत्नी रमाबाई म्हणत. पण ते खरं नव्हे. ते टप्प्याटप्प्याने थकले होते. आधी होळकर दरबारच्या शिक्षणखात्यात थकले. मग मध्यभारत झाला, त्यात थकले. आणि आता मध्यप्रदेश नावाचं नवं राज्य आल्यावर त्यांना पुन्हा पहिल्यापासून थकायला बसावं लागलं. खुर्ची तीच, टेबल तेच, छतावरचा पंखाही तोच. फक्त कागदांच्या माथ्यावरचं नाव बदलत गेलं. नवं राज्य आलं की जुन्या राज्याचे उरलेले कागद उलटून मागच्या बाजूला कारभार सुरू होई. पंतांना वाटे, आपणही त्यातलेच. पाठकोरे.

राजधानी भोपाळला गेल्यापासून इंदूरच्या कचेऱ्या एकामागून एक तिकडे चालल्या होत्या. फाइली गेल्या, मग कपाटं गेली, मग कपाटांना टेकून बसणारी माणसं गेली. जुन्या इंदुरातल्या घराघरांतून भोपाळ हा शब्द लोक ज्या स्वरात उच्चारत, त्या स्वरात पूर्वी फक्त देवीची साथ आल्याची बातमी सांगत. पंत मात्र वाचले होते. कारण त्यांचं ऑफिस इतकं लहान होतं की ते हलवायचं राहून गेलं. तुकोगंजात एका बंगल्याच्या मागे, जिथे पूर्वी बग्घी उभी राहत असे, तिथे 'शिक्षक माहिती केंद्र' होतं. केंद्रात पंत होते आणि लक्ष्मण शिपाई होता. वर्तुळ असं काही नव्हतंच, नुसतंच केंद्र.

त्या केंद्राचा जन्म एका भाषणातून झाला होता. परदेशातले कोणी तज्ज्ञ आले होते. त्यांनी फळ्यावर पुष्कळ गोल काढले आणि म्हणाले, "हे तुमचे शिक्षक. प्रत्येक जण आपल्या गावात एकटा. याला जे सुचलं ते त्याला कळत नाही, त्याला जे अडलं ते याला माहीत नाही." मग त्यांनी एका गोलापासून दुसऱ्या गोलाकडे रेघा ओढल्या. सगळा फळा कोळ्याच्या जाळ्यासारखा झाला. टाळ्या झाल्या, चहा झाला, कचोरी झाली, फळा पुसला गेला आणि मंडळी आपापल्या गोलात परत गेली.

एकट्या पंतांनी ते मनावर घेतलं. कारण ऐन पंचविशीत दरबारने त्यांना घाटाखाली, निमाडातल्या एका एकशिक्षकी शाळेवर धाडलं होतं. सोबत एक क्रमिक पुस्तक आणि एक छडी. काही अडलं तर विचारायचं कुणाला, तर समोरच्या कडुनिंबाला. पंतांनी त्या झाडाला जितके प्रश्न विचारले तितके पुढे कुठल्याही वरिष्ठाला विचारले नाहीत, आणि उत्तरं दोघांकडूनही सारखीच मिळाली. तेव्हा रिटायर होण्याआधी एक तरी रेघ या गोलापासून त्या गोलापर्यंत ओढून जायची, एवढं पंतांच्या मनाने घेतलं. त्यांच्या आयुष्यात मनाने घेतलेली अशी गोष्ट दुसरी नव्हती.

त्यातून पेटी निघाली. लोखंडी, हिरव्या रंगाची. पंतांनी ती स्वतः भरली. घडीचा नकाशा, लहानसा पृथ्वीगोल, भिंग, लोहचुंबक, मणी ओवलेली चौकट, पानाफुलांची चित्रं, शिकवण्याविषयीची सोप्या हिंदीतली पुस्तकं, रुजवून दाखवायला वालाच्या बियांची पुडी. पेटीने बसच्या टपावर बसून गावोगाव फिरायचं. प्रत्येक शाळेत महिनाभर मुक्काम. मास्तरांनी सगळं वापरायचं, आणि जाताना आपल्याला जे जमलं असेल ते एखाद्या वस्तूच्या रूपाने आत टाकायचं. कुणी मातीचा डोंगर करील, कुणी चिंचोक्यांचा पाढा. ते पुढच्या शाळेने पाहायचं. अशी ती रेघ.

कल्पना उत्तम होती. घोटाळा झाला तो पंतांच्या घराण्यामुळे.

पारसनीसांच्या पूर्वजांनी दरबाराचे फारसी खलिते लिहिले होते. खलिता लिहायचा, थैलीत घालायचा, दोरा आवळायचा, लाख ओतायची, मोहर उठवायची. पिढ्यानपिढ्या हे केलं की ते रक्तात उतरतं. पारसनीसांच्या घरात लोणच्याच्या बरणीला फडकं बांधून झालं की बांधणारा क्षणभर इकडेतिकडे मोहर शोधतो. तेव्हा ज्या दिवशी पेटी निघाली त्या दिवशी पंतांनी काय केलं असेल हे सांगायला नको. त्यांनी पेटीला खादीचं कापड शिवलं. त्यावर सुतळी आवळली. लक्ष्मणाने मेणबत्ती धरली आणि पंतांनी जितक्या गाठी तितक्या मोहरा उठवल्या. लेक सासरी निघावी तसं त्यांनी पेटीला सजवलं. वर शाळांना धाडायच्या परिपत्रकात एक ओळ जोडली: आतील वस्तू गहाळ झाल्यास मुख्याध्यापक व्यक्तिशः जबाबदार राहतील. अशा ओळी पंत झोपेतही लिहीत. त्यांना वाटलं, झालं ते ठीक झालं.

पेटी फिरत राहिली. प्रत्येक शाळेकडून वेळच्या वेळी पोच येई: पेटी सुस्थितीत मिळाली, सुस्थितीत रवाना केली. पंत ती पोच संध्याकाळी घरी नेत आणि रमाबाईंना वाचून दाखवत.

"बघ, किती जपतात," ते म्हणत.

"जपतात ते दिसतंय," रमाबाई तांदूळ निवडत म्हणत. "शिकवतात का ते लिहिलंय कुठे?"

"तुला नाही कळायचं. सरकारी कागदात सगळं लिहीत नसतात."

वर्षभराने भोपाळहून पत्र आलं. उपसंचालक जातीने पाहणीला येणार होते. पेटीचा उपयोग दिसला तर आणखी पेट्या मिळतील. नाही दिसला तर केंद्र भोपाळच्या मोठ्या ऑफिसात विलीन करू, कर्मचाऱ्यांसह. हे 'कर्मचाऱ्यांसह' पंतांनी घरी दोनदा वाचून दाखवलं. रमाबाईंनी निकालच दिला, "तुम्ही जा. मी येत नाही. तिथे मोठा तलाव आहे म्हणतात. त्यात काय मी माझे गुडघे बुडवून बसू?"

पंत मनातून निर्धास्त होते. पेटी यायची होती. ती उघडली की आतून साऱ्या माळव्या-निमाडाची हुशारी बाहेर पडेल, असं त्यांना वाटत होतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी पेटी आली. शेवटच्या शाळेचे मुख्याध्यापक जयसिंगराव ती स्वतः टांग्यात घालून घेऊन आले होते. मिशा भरघोस, फेटा बांधलेला, आजोबा होळकरांच्या तोफखान्यात होते हे चालण्यावरून कळे. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

"बघून घ्या पंत. एक मोहर हललेली नाही."

पंतांनी पाहिलं. खरंच हललेली नव्हती. कापड तेच, सुतळी तीच, लाखेवर त्यांनीच उठवलेली अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. फक्त वरच्या कापडावर कुंकू होतं आणि सुतळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या.

"हे कुंकू?"

"ते आधीच्या शाळेतलं. दसऱ्याला पूजा केली म्हणे पेटीची. आम्ही नुसती उदबत्ती लावत होतो."

पंत हळूच खुर्चीत बसले. "जयसिंगराव, तुम्ही ही उघडलीच नाही?"

"मी? काय बोलून राहिलात," जयसिंगराव दुखावून म्हणाले. "आमच्या आज्याने तोफखाना राखला, माझ्याच्याने एक पेटी नाही राखली जाणार?"

"अहो पण परिपत्रकात लिहिलं होतं, वापरा म्हणून."

"लिहिलं होतं. वाचलं मी. पण परिपत्रक म्हणतं उघड आणि मोहर म्हणते हात लावू नको. आता दोघांत मोठं कोण, तुम्हीच सांगा. कागदाचं ऐकून मोहर फोडली आणि उद्या एक मणी कमी निघाला, तो पकडणार कोणाला? मुख्याध्यापक व्यक्तिशः. तुमचंच लिहिणं आहे."

लक्ष्मण दारात उभा होता. तो हसला नाही, पण त्याने दुसरीकडे पाहिलं.

"पोरं रोज विचारायची," जयसिंगराव पुढे सांगू लागले, "गुरुजी, यात काय आहे? मी म्हटलं, यात सरकार आहे. दंगा केलात तर बाहेर येईल. पंत, माझा वर्ग उभ्या जन्मात इतका गप्प नव्हता बसला. तेवढा उपयोग मात्र झाला हो पेटीचा."

पंतांना एकेक पोच आठवली. सुस्थितीत मिळाली. सुस्थितीत रवाना. वर्षभर साऱ्या शाळांनी मिळून एक बंद पेटी एकमेकांच्या डोक्यावर दिली होती, आणि ते घरी बसून त्याचं कौतुक वाचत होते. मोहर दुसऱ्या कुणी उठवली असती तर निदान चिडता आलं असतं.

लक्ष्मण पुढे आला. "साहेब, माझं ऐकता का? उद्याची गोष्ट उद्या. आत्ता पेटी खोलू. पुस्तकांना दोन बोटं हळद लावू, नकाशाला थोडा चहा पाजू, मणी चार इकडे चार तिकडे. वापरलेली दिसेल. अपने यहाँ नवी चीज जुनी करायला काय टाइम लागतो भिया?"

"आणि मास्तरांनी टाकलेल्या वस्तू?"

"त्या मी आणतो ना. माझ्या घरी पोरांनी मातीचे बैल केलेत. एक शिंग तुटलंय, पण ते खरं वाटायला चांगलं."

पंतांनी चाकू घेतला आणि स्वतःच्या हाताने एकेक मोहर फोडली. झाकण वर झालं तेव्हा आतून कुबट वास आला. वालाच्या बियांना टोके लागले होते. पुडीचं पीठ झालं होतं. साऱ्या दौऱ्यात पेटीचा लाभ घेतला तो फक्त त्या किड्यांनी.

जयसिंगराव वाकून पाहत होते. इतके दिवस राखलेली चीज माणसाने पहिल्यांदा पाहावी तसं. त्यांनी हात मागे बांधले होते. पंत म्हणाले, "घ्या हो, घ्या," तेव्हा त्यांनी भिंग उचललं. आधी स्वतःचा अंगठा पाहिला, मग फुटलेली लाख, मग लक्ष्मणाचं नाक. लक्ष्मणाने नाक मागे घेतलं. मग जयसिंगराव नकाशा उलगडून बसले. मग मण्यांची चौकट.

"पंत," शेवटी ते म्हणाले, "एक विचारू? पहिलीतली पोरं घरी निमाडी बोलतात, काही भिलांची आहेत, ती भिली बोलतात. पुस्तक खडी हिंदी. 'नल' शिकवतो. आमच्या गावात नळच नाही, शब्द तर दूरची गोष्ट. पोरं घोकतात, समजत काही नाही. कसं करावं?"

पंतांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. हाच प्रश्न त्यांनी पंचविशीत कडुनिंबाला विचारला होता.

"मला नाही माहीत, जयसिंगराव."

"अरे. तुम्हाला पण नाही?"

"नाही. पण वाटेतल्या एखाद्या शाळेत कुणीतरी काहीतरी केलंच असेल. चित्रं काढली असतील, त्यांच्या बोलीतले शब्द लिहिले असतील. ते पेटीत पडलं असतं, तुमच्यापर्यंत आलं असतं. त्यासाठीच होती पेटी."

जयसिंगरावांनी भिंग जागेवर ठेवलं. "मग मोहर कशाला केली हो," ते म्हणाले. रागाने नाही, नुसतंच.

त्यांची बस निघून गेली होती, म्हणून पंत त्यांना मुक्कामाला जुन्या इंदुरात घरी घेऊन गेले. जेवताना रमाबाईंनी सगळं ऐकलं आणि पाहुण्याच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढत नवऱ्याला म्हणाल्या, "त्या लक्ष्मणाचं ऐका. त्या साहेबाला कुठे वेळ आहे पानं उलटायला? लावा हळद. हवी तर घरातली न्या, माझी ना नाही."

"उद्या बघू," पंत म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं उत्तर होतं, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा निघे.

दुसऱ्या दिवशी उपसंचालक आले. जबलपूरकडचे होते, आणि तेही थकलेलेच दिसत. त्यांचं घर जबलपूरला, ऑफिस भोपाळला आणि पोट प्रवासात बिघडलेलं. त्यांनी फुलका नको म्हटलं, पोहे नको म्हटलं, आणि पोचांची चवड पुढे ओढली. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला. मग त्यांनी यादी घेऊन पेटीतली एकेक वस्तू मोजून पाहिली.

"पारसनीसजी, यह तो कमाल है," ते म्हणाले. "एक चीज़ गुम नहीं, एक पन्ना फटा नहीं. दूसरी जगह हमने रेडियो भेजा था, वहाँ से खाली डिब्बा लौटा और ऊपर से धन्यवाद का पत्र. मैं आपके लिए और पेटियाँ लिख देता हूँ. आपका केंद्र यहीं रहेगा."

झालं होतं. भोपाळ टळलं होतं, रमाबाईंचे गुडघे कोरडे राहणार होते. पंतांनी फक्त हात जोडायचे होते, आणि हात जोडण्याचा त्यांना तीन राजवटींचा सराव होता. लक्ष्मण दारातून मान हलवून तेच सुचवत होता. कोपऱ्यात जयसिंगराव फेटा सावरून बसले होते. बस सुटायला अवकाश होता म्हणून थांबले होते. आणखी पेट्या. आणखी कापड, आणखी लाख. साऱ्या जिल्ह्यांत उदबत्त्या.

"साहब," पंत म्हणाले, "वह किसी ने खोली ही नहीं."

"क्या?"

"साल भर बंद घूमी. सील मैंने लगाई थी. ग़लती मेरी है."

उपसंचालकांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पंतांकडे तसं पाहिलं, जसं एक आजारी माणूस दुसऱ्या आजारी माणसाकडे पाहतो, त्याने पथ्य मोडल्यावर.

"यह आपने बताया क्यों? मैं शाम की गाड़ी से चला जाता. आप चैन से रिटायर हो जाते."

"चैन की आदत नहीं है साहब."

"अब मैं क्या लिखूँ?"

"लिखिए, एक फेरी और. बिना सील के."

"चीज़ें खो जाएँगी."

"खो जाएँगी."

"ज़िम्मेदारी?"

"मेरी."

साहेबांनी सुस्कारा टाकला. नव्या पेट्यांची ओळ खोडली आणि तिच्याखाली लिहिलं: एक फेरी, पारसनीसांच्या जबाबदारीवर. त्यानंतरही उपयोग दिसला नाही, तर केंद्र बंद आणि पारसनीस भोपाळला. सही करून ते गेले. जयसिंगराव उठले, पंतांना वाकून नमस्कार केला आणि बसच्या वाटेला लागले. लक्ष्मण म्हणाला, "साहेब, हळद फुकट मिळत होती," आणि टेबल पुसू लागला.

घरी रमाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या तेव्हा पंतांना मौनच बरं होतं असं वाटलं.

पेटी नुसत्या दोरीने बांधून, ठळक अक्षरांत 'खोलिए' असं लिहून सांवेरच्या बाजूच्या एका गावी रवाना झाली. चौथ्या दिवशी ती परत आली. सोबत मुख्याध्यापकांचं पत्र: पेटीवर मोहर नसल्याने ती स्वीकारण्यास असमर्थ आहोत.

पंतांनी ते पत्र वाचून त्याची घडी केली. मग कोट चढवला, छत्री घेतली आणि लक्ष्मणाला टांगा आणायला सांगितलं. पेटी उघडायला सरकारच लागत असेल, तर सरकारने बसमध्ये बसून जायला हवं होतं. आणि त्या भागात पंतांपेक्षा स्वस्तातलं सरकार उपलब्ध नव्हतं.

बस जुनी, रस्ता त्याहून जुना. पंतांच्या मांडीवर एका बाईची कोंबडी आणि पाठीला मागच्या माणसाचं गाठोडं. गावी पोचेपर्यंत त्यांची हाडं वेगवेगळी मोजता आली असती. शाळेत हार आला, बत्तासे आले, पाणी आलं. पंतांनी हार काढून बाजूला ठेवला, ओसरीवर सतरंजी अंथरायला सांगितली, पेटीची दोरी सोडली, झाकण उघडलं आणि म्हणाले, "लीजिए, जो चाहिए निकालिए."

कोणी हलेना. मुख्याध्यापक हात जोडून उभे. त्यांच्या हाताखालच्या शिक्षिका शारदाबाई, होळकरांच्या कुठल्याशा जमादाराची सून, पदर सावरून भिंतीशी उभ्या. पोरं रांगेत बसवलेली, बोट ओठांवर. पंतांनी भिंग काढून पुढे धरलं. मुख्याध्यापकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि परत जागेवर ठेवलं. पंतांनी नकाशा उलगडला. सगळ्यांनी तो लांबून पाहिला, जसं लोक मिरवणुकीतल्या हत्तीकडे पाहतात. पंत समजावून सांगत राहिले. मोडलं तरी चालेल, हरवलं तरी चालेल, तुमचं काही आत टाका, मी कुणाला विचारणार नाही. प्रत्येक वाक्याला "जी साहब" आलं. पेटी उघडी होती आणि तरी बंद होती.

शेवटी पंतांचं बोलणंच संपलं. ऊन उतरत होतं. त्यांनी खांबाला पाठ टेकवली. क्षणभर डोळे मिटले, आणि मग त्यांना आपण इथे कशाला आलो, आपण कोण, ही तिसरी राजवट की चौथी, यातलं काही आठवलं नाही. ते झोपले. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला, आणि हलकंसं घोरणं. ढोंग नव्हतं; ढोंगाला लागते तेवढीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

जाग आली ती दबक्या हसण्याने. डोळे पुरते न उघडता त्यांनी पाहिलं. आधी एका मुलीने हात पुढे केला होता, बहुधा. कारण लोहचुंबक तिच्या मुठीत होतं आणि ती शारदाबाईंच्या पदराची टाचणी ओढून पाहत होती. शारदाबाई तिला रागवत होत्या, पण कुजबुजत, साहेब जागे होऊ नयेत म्हणून. आणि रागवता रागवता त्यांनी स्वतः भिंग घेतलं होतं. मण्यांच्या चौकटीची तार सुटून मणी सतरंजीभर झाले होते. मुख्याध्यापक गुडघ्यांवर बसून पृथ्वीगोलावर काहीतरी शोधत होते. "शारदाबेन," ते हळूच म्हणाले, "इंदौर तो इसमें है ही नहीं."

"रहने दो गुरुजी," शारदाबाई म्हणाल्या. "आपने पिछले साल जो तरबूज पर देश-दुनिया बनाई थी, वही अच्छी थी. बच्चों को समझी थी. वैसी एक बनाके डाल दो इसमें."

"तरबूज सड़ जाएगा."

"तो तुंबड़ी पर बना दो. सूखी तुंबड़ी नहीं सड़ती."

मुख्याध्यापकांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि, आता मात्र थोडं ढोंग करून, घोरणं पुढे चालू ठेवलं. कुणीतरी पोराला वाळक्या भोपळ्याची तुंबडी आणायला पिटाळलं. पाय वाजत गेले. शेवटची बस केव्हाच निघून गेली असणार, आणि या गावानंतर पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं, आणि प्रत्येक ठिकाणी असंच खांबाला टेकून झोपावं लागणार, हे पंतांना दिसत होतं. ते एका कुशीवर वळले आणि कोट पायांवर ओढून घेतला.